नाटकाला जायचंय, पण कुणासोबत?

नांदेडच्या कुसुम सभागृहात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असली, की माझी नजर प्रेक्षकांत पंचविशी-तिशीतल्या मुली शोधते. रंगमंचावर त्या असतात, विंगेत असतात. खुर्च्यांवर मात्र कलाकारांची घरची माणसं आणि आमच्यासारखे जुने रसिक! लातूरला दयानंद सभागृहात वेगळं चित्र नाही.

नोकरीतल्या मुलींना नाटकाची आवडच नाही, असं सरसकट बोललं जातं. मला ते पटत नाही. बँकेतल्या, दवाखान्यातल्या, लातूरच्या क्लासेसमध्ये शिकवणाऱ्या मुलींना मी विचारलं. उत्तर जवळपास एकच. ‘जावं वाटतंय हो ताई, पण कुणासोबत जावं?’ यातल्या कितीतरी जणी परगावच्या, खोली घेऊन राहणाऱ्या. प्रयोग सुटायला रात्रीचे दहा वाजतात. मग ऑटो मिळेल का, घरमालकीण काय म्हणेल? सिनेमा सुट्टीच्या दिवशी दुपारीही बघता येतो, नाटकाला त्याचीच वेळ गाठावी लागते.

म्हणजे तिकिटाबरोबर सोबतही मिळायला हवी. विदर्भातली झाडीपट्टी बघा ना! गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे दिवाळीनंतर गावोगावी नाटकं होतात. नाटक म्हटलं की लेकी-जावई, पाहुणे मुक्कामाला येतात, रात्रभर नाटक चालतं आणि त्या निमित्तानं सोयरिकीही जुळतात. तिथं एकटीनं जाण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे माळेगावच्या यात्रेत तमाशाचे फड लागतात, पण घरच्या बायकांना तिथं कोण नेत होतं?

तरी बायकांच्या एकत्र येण्याच्या जागा आपल्याकडेही आहेतच. भिशीतला एक महिना नाटकाचा ठेवा. संक्रांतीच्या वाणात तिकीट द्या, प्लॅस्टिकचे डबे ठेवायला आता कुणाच्या घरात जागा आहे? ऑफिसातल्या नव्या मुलींना आवर्जून बोलवा. आधी चहा-भजी, प्रयोगानंतर कलाकारांशी गप्पा, आणि परतीची गाडी आधीच ठरलेली. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची.

फुकट पास मात्र वाटू नका. पास घेतलेली बाई पाऊस आला तरी घरी थांबते, पैसे मोजलेली येतेच. शिवाय हिशेबही आहे. मुंबई-पुण्याचं नाटक इथं आणायचं तर बहुतेक वेळा स्थानिक कुणीतरी अख्खा प्रयोग विकत घ्यावा लागतो. सेटचा ट्रक, कलाकारांची बस, मुक्काम, सभागृहाचं भाडं, हे सगळं एका प्रयोगातून निघणं कठीण. शनिवारी लातूर आणि रविवारी नांदेड असे दोन लागले, तर प्रवासाचा खर्च वाटला जातो. त्यासाठी दोन्ही गावांतल्या मैत्रिणींनी एकमेकींना फोन तरी करायला हवा.

आणि फक्त मालिकेतले चेहरे आले तरच गर्दी करायची, असं होऊ नये. ‘वाटा पळवाटा’ लिहिणारे दत्ता भगत नांदेडचेच. स्पर्धेतली आपली मुलं-मुली नोकरी सांभाळून रात्री तालमी करतात, आणि त्यांच्या प्रयोगाचं तिकीट नाममात्र असतं. सुरुवात तिथूनच सोपी.

माझी एक रंगकर्मी मैत्रीण कुरकुरते, ‘अशा बायका सेल्फी काढायला येतील, मोबाइल वाजवतील.’ येऊ देत की! मोबाइल दारातच बंद करायला सांगता येतो. रिकाम्या खुर्च्यांना काय सांगणार?