बंड कशाला म्हणावे?

सत्तेच्या अवज्ञेला कोणते नाव द्यायचे, हे बहुधा सत्ताच ठरवते. १८५७ च्या संग्रामाला इंग्रजांनी ‘शिपायांचे बंड’ म्हटले. सावरकरांनी त्यालाच ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले. जबलपूरला या शब्दांची किंमत ठाऊक आहे. १८ सप्टेंबर १८५७ रोजी गोंड राजे शंकरशाह व पुत्र रघुनाथशाह यांना येथे तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यांत इंग्रजांच्या नाशाची प्रार्थना करणारी कविता होती. त्याच रात्री ५२ वी पलटण उठली. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नौसैनिकांपाठोपाठ येथील सिग्नल दलाच्या जवानांनी अवज्ञा केली. अनेकांच्या वाट्याला बडतर्फी आली.

संसदीय राजकारणात मात्र हा शब्द स्वस्त झाला आहे. २०२२ मध्ये शिवसेनेतील फुटीला वृत्तपत्रांनी ‘बंड’ म्हटले, शिंदे गटाने ‘उठाव’; त्याची परिणती मुख्यमंत्रिपदात झाली. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचे कलम १२४-अ स्थगित केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. तथापि कलम १५२ मध्ये देशाचे सार्वभौमत्व धोक्यात आणणाऱ्या कृत्यांबरोबर शब्दांनाही शिक्षा आहे.

म्हणून नस्तीवर ‘द्रोह’ लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने आणि मथळ्यात ‘बंड’ छापणाऱ्या आम्हा पत्रकारांनी आधी एवढेच पाहावे : अवज्ञा करणाऱ्याने काय गमावले आणि काय मिळवले? शब्दाची निवड त्यानंतर व्हावी.