जयंतीचे लेझीम आणि आपली घाई

मार्च संपत आला की म्हसावदला आणि आसपासच्या पाड्यांवर लेझीम बाहेर निघतात. १४ एप्रिलला जेमतेम दोन आठवडे उरलेले असतात आणि तेवढ्यात सगळे बसवायचे असते. ही घाई आता थांबवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लेझीम हा मुळात व्यायाम आहे. शाळेत आधी 'चार आवाज', 'एक जगह', मग 'आदि लगाव', 'पवित्रा', 'दो रुख' शिकवतात. 'आगे फलांग', 'पीछे फलांग' त्यानंतर. (हुकूम हिंदीत का, हे पोरे दरवर्षी विचारतात!) आधी हात, खांदे, ताल, मग कंबर, उडी शेवटी. आपण मात्र व्हिडिओ पाहून पहिल्याच संध्याकाळी उड्या मारायला लावतो, तेही सिमेंटवर. दुसऱ्या दिवशी निम्मे पथक नडग्या चोळत बसते.

अमेरिकेत टॅप नावाचा नाच आहे. बुटाच्या तळाला धातूच्या पट्ट्या लावून पायांनी ताल वाजवतात. १७३९ च्या गुलामांच्या उठावानंतर साउथ कॅरोलिनात कायद्याने त्यांचे ढोल बंद केले, तेव्हा काळ्या लोकांनी ताल हातापायांत जपला. त्याच परंपरेतून हा नाच वाढला. तिथेही नवशिक्याला आधी एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन नेणे शिकवतात, आणि सिमेंट टाळून लाकडी जमीन पाहतात. आपल्याला मातीचे मैदान पुरे.

याहून गंभीर गोष्ट सिकलसेलची. नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी भावंडांमध्ये हा आजार बराच आहे, आणि विदर्भातल्या बौद्ध घरांनाही तो ओळखीचा आहे. असा रुग्ण उन्हात, पाण्यावाचून दमला तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या अडवतात आणि हाडांत, छातीत असह्य कळा उठतात. गेल्या वर्षी आमच्या पथकातली एक मुलगी मध्येच खाली बसली. आम्ही म्हणालो, "नाटक करू नको, ऊठ." तपासणीत तिला सिकलसेल निघाला. त्या शब्दांची आम्हांला आजही लाज वाटते.

म्हणून पथकात नाव घेण्यापूर्वी सरकारी दवाखान्यात सोल्युबिलिटी चाचणी करून घ्यावी. निकाल चारचौघांत विचारू नये. आजार निघाला म्हणून कुणाला घरी बसवू नये. किती झेपेल ते डॉक्टरांना विचारावे.

सराव सावित्रीबाईंच्या जयंतीला, ३ जानेवारीला सुरू करावा. ऊन उतरल्यावर, आठवड्यातून तीन संध्याकाळी, पन्नास-पन्नास मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम सांगते. तो हिशेब इथेच पुरा होतो. म्हणून आयाबायांनीही यावे, नुसते बघायला नव्हे. पाण्याचा माठ मात्र मैदानातच ठेवावा. "घरी जाऊन पितो" म्हणणारी पोरे जात नाहीत.