सीलच्या चरबीची साक्ष

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील अनेक मच्छीमारांच्या लेखी ग्रे सील हा गुन्हेगारच आहे. वर्षानुवर्षांच्या बेसुमार मासेमारीनंतर कॉड मासा संपत आला, तेव्हा कॅनडा सरकारने २ जुलै १९९२ रोजी न्यूफाउंडलंडलगतची कॉडची व्यापारी मासेमारी बंद केली आणि सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला. ती बंदी उठण्यास जून २०२४ उजाडावा लागला. सेंट लॉरेन्सच्या आखाताच्या दक्षिण भागातील कॉडची स्थिती तर त्याहून बिकट आहे. तेथील मासेमारी २००९ मध्ये पुन्हा थांबवावी लागली आणि त्यानंतरच्या दशकातही तेथील साठा सावरला नाही.

याच काळात सील मात्र वाढत राहिले. १९६० च्या दशकात काही हजारांवर असलेली कॅनडातील ग्रे सीलची संख्या २०२१ च्या गणनेनुसार सुमारे ३ लाख ६६ हजारांवर गेली आहे. मासे घटले आणि सील वाढले, तेव्हा आपल्या तोंडचा घास सीलनेच पळवला, असे मच्छीमारांना वाटले तर नवल नाही. कॅनडाच्या सिनेटच्या समितीने २०१२ मध्ये या आखातातील ७० हजार ग्रे सील चार वर्षांत मारावेत, अशी शिफारस केली. ती त्या प्रमाणात अमलात आली नाही. पण वाद मिटलेला नाही. या वादाच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे : सील नेमके खातो तरी काय?

सील समुद्राखाली शिकार करतो, त्यामुळे तो खाताना दिसत नाही. पूर्वी मारलेल्या सीलचे पोट तपासले जाई, किंवा विष्ठेतून माशांच्या कानातील खड्यासारखी कठीण हाडे वेचून माशाची जात ओळखली जाई. या पद्धतीत दोन उणिवा आहेत. एक तर तीतून केवळ शेवटच्या एक-दोन जेवणांचा पत्ता लागतो. दुसरे म्हणजे, सील कधीकधी मोठ्या माशाचे मऊ पोट तेवढे खाऊन डोके टाकून देतो. डोकेच पोटात गेले नाही, तर पुरावाही उरत नाही.

येथे रसायनशास्त्र मदतीस आले. गायीसारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात चाऱ्यातील मेदाचे स्वरूप पुष्कळ बदलते. सीलचे तसे होत नाही. त्याने खाल्लेल्या माशांतील लांब साखळीची मेदाम्ले फारशी न बदलता त्याच्या कातडीखालील चरबीत साठतात. प्रत्येक जातीच्या माशात या मेदाम्लांचे प्रमाण वेगळे असते. सीलच्या चरबीचा लहानसा तुकडा काढून त्याची माशांच्या नमुन्यांशी तुलना केली, की गेल्या काही आठवड्यांच्या वा महिन्यांच्या आहाराचा अंदाज बांधता येतो आणि सील जिवंत सोडता येतो. कॅनडातील डलहौसी विद्यापीठाच्या सारा आयव्हर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या तुलनेची गणिती पद्धत मांडली. नायट्रोजन व कार्बनची स्थिर समस्थानिके हा दुसरा मार्ग. अन्नसाखळीत एक पायरी वर गेले, की जड नायट्रोजनचे प्रमाण हजारी तीन-चारने वाढते. कार्बनवरून प्राणी किनाऱ्याजवळ चरला की खोल समुद्रात, याचा माग लागतो. मिशांच्या केसात तर ही नोंद महिनोन्‌महिने टिकते.

मग या साक्षीतून काय निघाले? नोव्हा स्कोशियाच्या पूर्वेकडील सेबल बेटावर ग्रे सीलची जगातील सर्वांत मोठी वसाहत आहे. तेथील सीलच्या चरबीत प्रामुख्याने वाळूत दडणारा छोटा सँड लान्स आणि रेडफिश यांच्या खुणा सापडल्या. कॉडचा वाटा तुलनेने अल्प निघाला. नर व मादीचा आहारही वेगळा आढळला. सीलच्या पाठीराख्यांना हा निर्दोषत्वाचा दाखला वाटला. मात्र हिवाळ्यात कॉड जेथे दाटीने एकत्र येतो, त्या कॅबट सामुद्रधुनीच्या परिसरातील नर सीलच्या पोटांची तपासणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांत कॉडचा वाटा मोठा आढळला. दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात. जागा, ऋतू आणि नर-मादी बदलले, की ताट बदलते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की सीलच्या आहारातील कॉडचा वाटा आणि कॉडच्या मृत्यूंतील सीलचा वाटा हे दोन भिन्न आकडे आहेत. ढोबळ हिशेबासाठी एक सील वर्षाला एक टन अन्न खातो असे धरले आणि त्यात कॉड केवळ एक टक्का असला, तरी साडेतीन लाख सील साडेतीन हजार टन कॉड फस्त करतील. भरभराटीतील साठ्याला याचे काही वाटणार नाही. खंगलेल्या साठ्याला मात्र तो घाव भारी पडेल. दक्षिण आखातातील मोठ्या कॉडच्या मृत्यूंमागे ग्रे सील हे प्रमुख कारण असल्याचे कॅनडाच्या सरकारी शास्त्रज्ञांचे मत आहे, ते यामुळेच. ‘सील कॉड फारसा खात नाही’ हे म्हणणे म्हणूनच पुरेसे उत्तर ठरत नाही.

पण हा साठा एवढा खंगला कोणामुळे, हे चरबी सांगत नाही. ते मासेमारीच्या नोंदी सांगतात. केवळ सीलला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे होईल. सील संन्यासी नाही हे खरे, पण कॉडवर पहिला हात त्याने टाकलेला नाही. उद्या सील मारण्याचा निर्णय झालाच, तर तो सरसकट सगळ्या समुद्राला लावणे चुकीचे ठरेल. त्याआधी त्या-त्या भागातील, त्या-त्या ऋतूतील सीलच्या चरबीचे व मिशांचे नमुने तपासले जावेत आणि नंतर कॉड खरोखर वाढला का, याचीही मोजणी व्हावी. एवढी तयारी नसेल, तर हजारो सील मरतील, आणि कॉड परतण्याची वाट पाहणारा मच्छीमार मात्र रिकाम्या जाळ्यानिशी किनाऱ्यावरच उभा राहील.