उंबरखिंडीतलं अभय

दरवर्षी २ फेब्रुवारीला खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या काठी, माणसं जमतात. भगवे झेंडे येतात, शाळेची पोरं येतात, पोवाडे होतात. १६६१ साली शिवाजी महाराजांनी इथे, उंबरखिंडीत, कारतलबखानाची मोगल फौज कोंडली, त्याची ही आठवण. मी या दिवशी इथे बऱ्याच वर्षांपासून येतो आणि दर वेळी एका जागी माझं मन अडतं. वक्ता खान खिंडीत शिरेपर्यंतची हकीकत रंगवून सांगतो. मग आवाज चढतो, मोगलांची दोन वाक्यांत कत्तल होते, जयजयकार होतो आणि माईक पुढच्याच्या हाती जातो.

गावात परतल्यावर दुसरा पक्ष भेटतो. हा वाचणारा, शिकलेला. तो म्हणतो, उंबरखिंडीला लढाई कशाला म्हणता? रानात दबा धरला, वाटसरूला अडवावं तसं फौजेला अडवलं आणि लुटलं. जिंकलं ते जंगल आणि हरला तो खानाचा मूर्खपणा.

हे दोन पक्ष एकमेकांशी भांडतात, पण दोघांची चूक एकच आहे. दिवसाच्या शेवटी काय झालं, ते दोघेही सांगत नाहीत. हाती सापडलेल्या फौजेला महाराजांनी अभय दिलं. जवळचं सारं धन मागे ठेवून खान आणि त्याची माणसं जिवानिशी परत गेली. माझ्या मते उंबरखिंडीचा सगळा मोठेपणा त्या शेवटच्या घटकेत आहे.

आधी त्या वर्षाकडे बघा. ९ मे १६६० रोजी शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला. फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळजवळ दोन महिने झुंजवलेला चाकणचा किल्ला ऑगस्टमध्ये गेला. सप्टेंबरमध्ये पन्हाळा विजापूरकरांना द्यावा लागला. बाजीप्रभूंसारखा माणूस त्याआधीच जुलैत खर्ची पडला होता. सहा महिन्यांत राज्याचे दोन मोठे आधार निसटले होते आणि राहत्या पुण्यात शत्रू नांदत होता. अशा वेळी शाहिस्तेखानाने उत्तर कोकण काढून घ्यायला कारतलबखान नावाचा उझबेक सरदार पाठवला. त्याच्याबरोबर माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन होती. राजे उदारामांच्या घराण्यातली ही बाई, नाव सावित्रीबाई. रायबागन हा बादशाही किताब, म्हणजे राजवाघीण. बाकी सरदारांत मराठे होते, राजपूत होते. बोरघाटाची रुळलेली वाट टाळून खानाने कुरवंड्याच्या घाटाने उतरायचं ठरवलं. अनपेक्षित वाटेने जाऊन शत्रूला बेसावध गाठावं, असा त्याचा हिशेब होता.

म्हणजे खान मूर्ख नव्हता. त्याची चाल वाईट नव्हती, ती आधीच कळली होती एवढंच. ‘मूर्ख शत्रू’ ही कल्पना आपल्याला का आवडते, मला कळत नाही. शत्रूला मूर्ख ठरवलं की आपलाच विजय हलका होतो.

ती वाट मी एकदा माघात उतरलो आहे. लोणावळ्यात नौदलाची आयएनएस शिवाजी ही संस्था आहे, तिच्या पलीकडे कुरवंडे गाव. तिथून नागफणीच्या बगलेने वाट खाली सुटते. वर सहाशे मीटरवर गार वारा, खाली साठ-सत्तर मीटरवर कोकणचा उकाडा. याच डोंगररांगेच्या उतारावरून सुमारे पाचशे मीटर पाणी पाडून १९१५ पासून खोपोलीला टाटांची वीज तयार होते, यावरून उताराची कल्पना यावी. पायाखाली सुटे दगड, दोन्ही अंगांना झाडी. माझ्या पाण्याची बाटली अर्ध्या वाटेत संपली. चिलखत, बंदुका, तोफगोळे, रसद, बैल आणि घोडे घेऊन हे उतरायचं म्हणजे काय, ते तेव्हा माझ्या पोटऱ्यांना समजलं.

आता आकड्यांबद्दल. भाषणांत आणि फलकांवर खानाची फौज वीस हजार सांगतात, कुणी तीस हजार म्हणतं. समोर महाराजांचे हजारभर मावळे. माझा आक्षेप श्रद्धेवर नाही, हिशेबावर आहे. एकेरी पायवाटेने वीस हजार माणसं चालली आणि माणसामागे एक मीटर जागा धरली, तर रांग २० किलोमीटर लांब होते. जनावरं वेगळीच. कुरवंड्यापासून चावणीपर्यंतची अख्खी वाट तेवढी नाही. म्हणजे एवढी फौज असलीच, तरी ती एका वेळी खिंडीत असणं शक्य नाही. आणि त्यात महाराजांचा मोठेपणा जराही कमी होत नाही. उलट, थोड्या माणसांनी मोठी फौज कशी अडवली, याचा उलगडा त्या रांगेतच आहे. रांगेचं तोंड अडलं की मागचा हजारो माणसांचा जमाव नुसता ओझं होतो. त्याला लढता येत नाही, वळता येत नाही आणि प्यायला पाणी मिळत नाही.

या प्रसंगाचं सविस्तर वर्णन आपल्याकडे मुख्यतः कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त आहे. परमानंद नेवाशाचा. त्याचं हे संस्कृत काव्य तंजावरला सापडलं आणि १९२७ मध्ये सदाशिव महादेव दिवेकरांनी ते प्रसिद्ध केलं. दरबारी कवीचं काव्य म्हणजे शिरगणती नव्हे, हे मला मान्य आहे. पण नेमकं म्हणूनच एका गोष्टीकडे लक्ष द्या. स्वामीची स्तुती करायला बसलेल्या कवीला शत्रूची कत्तल वर्णन करणं सोपं होतं. वीररसाला तेच हवं असतं. असं असूनही परमानंद प्रसंगाचा शेवट अभयाने करतो. त्याच्या काव्यात तहानेने आणि कोंडीने हवालदिल झालेल्या खानाला रायबागन खडसावते. वाघाच्या जाळीत सैन्य आणून घातलंस, आता शरण जाऊन सगळ्यांचे प्राण वाचव, असा तिच्या बोलण्याचा आशय. खान दूत पाठवतो. महाराज खंडणी घेतात आणि जाऊ देतात. दरबारी कवीलाही जे सांगावंसं वाटलं, ते आपण आज गाळतो.

आता लूट म्हणणाऱ्यांकडे वळतो. दबा धरणं अधर्म्य, हा त्यांचा पूर्वपक्ष. पहिला प्रश्न साधा आहे. कोण कुणाच्या मुलखात आलं होतं? कल्याण, पनवेल, नागोठण्याच्या रयतेने खानाला बोलावलं नव्हतं. चढाई करून येणाऱ्या फौजेला मोकळं मैदान देण्याचं कर्तव्य कुठल्याही शास्त्रात नाही. कौटिल्याने तर कूटयुद्धाला राजनीतीत जागाच दिली आहे. दुसरं, वाटमारी करायला हिंमत पुरते. शत्रूची फळी खोल आत येईपर्यंत हजारभर माणसांनी श्वास रोखून बसायला शिस्त लागते. वाट कुठली, दिवस कुठला, पाणी कुठे, याची पक्की बातमी लागते. एका माणसाने घाईने बार काढला असता तर सगळा डाव उघडा पडला असता.

आणि ‘जंगलाने जिंकून दिलं’ म्हणणाऱ्यांनी एकदा शेजारच्या कर्जत तालुक्यात जावं. पेठ गावावरचा कोथळीगड बघावा. कडा सुळक्यासारखा उभा आणि सुळक्याच्या पोटात खडक कोरून काढलेला जिना. शत्रूला चढायला त्याहून अवघड जागा शोधून सापडायची नाही. तोच कोथळीगड १६८४ मध्ये, संभाजी महाराजांच्या काळात, फितुरीने मोगलांकडे गेला. सह्याद्री तोच, रान तेच. मधल्या तेवीस वर्षांत डोंगर बदलला नव्हता. डोंगर कुणाच्याच बाजूने लढत नाही. तो कसा वापरायचा, हे ठरवणारी माणसं लागतात.

त्या माणसांबद्दल एक खंत नोंदवतो. परमानंद सरदारांची नावं देतो. पण झरा कुठे आटला, कुठल्या कपारीत पन्नास माणसं लपतात, हे ज्यांना ठाऊक होतं, त्या डोंगरातल्या रहिवाशांचं नाव कुठेच नाही. आजही या उतारांवर ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. मी त्यांचे पूर्वज तिथे होते असा दावा करणार नाही, कारण त्याला कागद नाही. पण वाटाड्याशिवाय ही कोंडी जमली असेल, हे मला पटत नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेप. तो महाराजांच्या भक्तांकडूनच येतो, बहुधा खाजगीत. हाती सापडलेला शत्रू सोडला कशाला? मारला असता तर शाहिस्तेखानाची जरब तिथेच मोडली असती.

याला युरोपातली दोन उदाहरणं उपयोगी पडतात. १५ नोव्हेंबर १३१५ रोजी स्वित्झर्लंडमध्ये मॉरगार्टन इथे असाच प्रसंग झाला. ऑस्ट्रियाचा ड्यूक लिओपोल्ड डोंगर आणि तळं यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेने फौज घेऊन चालला होता. स्विस शेतकऱ्यांनी वरून दगड आणि ओंडके लोटले, मग कुऱ्हाडी घेऊन उतरले. त्या काळच्या इतिवृत्तकाराला ती लढाई वाटलीच नाही. जनावरं कापावीत तशी माणसं कापली, असं तो सांगतो. भूगोल उंबरखिंडीचाच, शेवट मात्र अगदी उलटा.

दुसरं उदाहरण बोहेमियाचं, म्हणजे आजच्या चेकियाचं. तिथला राजा योहान आंधळा झाला होता. २६ ऑगस्ट १३४६ रोजी क्रेसीच्या लढाईत आपली बाजू हरते आहे हे कळल्यावरही त्याने सोबत्यांना आपल्याला रणात न्यायला लावलं. त्यांनी आपले घोडे त्याच्या घोड्याला बांधून घेतले, अशी कथा आहे. सगळे मेले. युरोपने त्या मरणावर शतकानुशतकं गौरवगीतं गायली. त्याच रणावर त्याचा मुलगा कारेल होता, आणि तो जिवंत बाहेर पडला. दोनच वर्षांत, १३४८ मध्ये, त्याने प्रागचं विद्यापीठ स्थापन केलं. १३५७ मध्ये व्लतावा नदीवरच्या दगडी पुलाचा पाया घातला. चेक लोक आज ज्याला आपल्या देशाचा पिता म्हणतात, तो हा मुलगा. बाप लढून मेला आणि गाण्यात राहिला. मुलगा जगला म्हणून प्राग उभं राहिलं.

रायबागनने उंबरखिंडीत कारेलची वाट धरली. तिला भित्री म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की कोंडीत सापडलेल्या आपल्याच सेनापतीला, सगळ्या सरदारांदेखत, तू चुकलास हे तोंडावर सांगायला रणात तलवार फिरवण्याइतकीच छाती लागते. तिने एका दिवसात जितके जीव वाचवले, तितके कुणा वीराने क्वचितच वाचवले असतील. ती मोगलांची चाकरी करत होती, हे खरंच आहे. त्या काळातली निम्मी मराठी सरदारकी कुणा ना कुणा सुलतानाची चाकरी करत होती. त्यावरून तिचं शहाणपण खोटं ठरत नाही.

आणि महाराजांनी सोडलं ते दुबळेपणाने नव्हे. तहानेलेल्या, मरणाला टेकलेल्या फौजेला सुटकेची वाटच ठेवली नाही, तर ती शेवटच्या माणसापर्यंत लढते. हजार मावळ्यांतले दोनशे पडले असते तर तेवढी अनुभवी माणसं पुन्हा कुठून आणायची? वर पुण्यात शाहिस्तेखान मोठ्या फौजेनिशी बसलेला. कोकणात पुढे दाभोळ आणि शृंगारपूर वाट बघत होतं. झालंही तसंच. मोगलांवर नजर ठेवायला नेताजी पालकरांना मागे ठेवून महाराज ताबडतोब दक्षिण कोकणात उतरले. हे नेताजी आपल्याच खालापूर तालुक्यातल्या चौकचे. कत्तलीत गुंतलेला राजा इतक्या चटकन पुढे जाऊ शकला नसता.

पण नुसत्या हिशेबावर मी थांबणार नाही. अभय दिलेली ती माणसं घाट चढून पुण्याला परतली. छावणीत त्यांनी काय सांगितलं असेल? शिवाजीने अडवलं, शब्द दिला आणि तो पाळला. शत्रूच्या छावणीत स्वतःच्या शब्दाची साक्ष देणारी शेकडो तोंडं पाठवणं, यापेक्षा मोठी राजनीती मला ठाऊक नाही. ज्या राज्याच्या राजाचा अजून राज्याभिषेकही झाला नव्हता, त्याने त्या दिवशी आपण राज्य आहोत हे दाखवून दिलं. शरण आलेल्याला वाचवण्याचा अधिकार राजाचा असतो, लुटारूचा नसतो. ‘लूट’ म्हणणाऱ्यांच्या पूर्वपक्षाला याहून वेगळं उत्तर लागत नाही.

येत्या २ फेब्रुवारीला चावणीला या. शेमडीवरून आत वळा, नदीपाशी उभे राहा, नागफणीकडे बघा. आणि तिथे बोलायला उभे राहिलात, तर खान कोंडला गेला तिथे थांबू नका. रायबागनचं नाव घ्या, आणि त्या दिवशी किती मेले हे सांगण्याआधी किती जण चालत परत गेले हे पोरांना सांगा.