आधी आकडा वाचा, मग वितळवा

सुरुचीच्या किनाऱ्यावर क्लीन-अप केलंत, बाटल्यांच्या झाकणांची पिशवी घरी आणलीत, आता रील बघून ती गॅसवर वितळवायचीत? जरा थांबा. आधी त्रिकोणातला आकडा वाचा. २ म्हणजे एचडीपीई, ते साधारण १३० अंशांना वितळतं. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्याला १६० च्या आसपास लागतात. ३ असेल तर ते पीव्हीसी. तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, जो डोळे, घसा आणि फुप्फुसांना इजा करतो. ते, आणि आकडा नसलेलं काहीही, बाजूला ठेवा.

ज्योतीवर प्लास्टिक करपतं, पेटतं. म्हणून तापमान ठरवता येणारा वेगळा ओव्हन हवा. त्यात पुन्हा खाणं शिजवायचं नाही. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वायू नाही. तेव्हा काम मोकळ्या हवेत, जाड हातमोजे घालूनच करा, आणि धूर दिसताच ओव्हन बंद. वन रूम किचनमधला धूर आजीच्याही छातीत जातो.

आपल्याच वालीव-सातिवलीत मोल्डिंगचे कारखाने आहेत. पहिला प्रयोग करण्याआधी तिथल्या एखाद्या जुन्या कारागिराला गाठून विचारा. किनाऱ्यावरचा कचरा उचलून घरच्यांच्या श्वासात सोडायचा, याला रिसायकलिंग म्हणत नाहीत.