नालबंदाची मजुरी

माथेरानला मोटारींस मज्जाव असल्यामुळें तेथें आजही माणसें घोड्यांवर बसून हिंडतात. घोडा बाळगणारे खोगिरावर हौसेनें खर्च करतात. नालबंदाशीं मात्र दहा-वीस रुपयांकरितां घासाघीस! हें आम्हांस रास्त वाटत नाहीं. खूर नखाप्रमाणें वाढतो. म्हणून दर 6 ते 8 आठवड्यांनीं नाल काढून, खूर तासून, तो पुन्हा ठोकावा लागतो. खिळा बाहेरच्या निर्जीव कवचांतूनच गेला पाहिजे. जवभर आंत सरकला कीं जनावर लंगडलेंच. लाथेची धास्ती निराळीच. अशा कारागिरास “उद्यां ये” म्हणून तीनदां परत पाठवावें, हा कोठला न्याय? काम चोख झाल्यास ठरलेली मजुरी तेव्हांच हातावर ठेवावी, आणि “नाल छान बसला” एवढें म्हणावयास कांहीं पैसे पडत नाहींत. सुट्टींत माथेरानास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं रिकिबींत पाय घालण्यापूर्वीं घोड्याचे खूर एकदां अवश्य पाहावे.