पुरातील भाव
आमच्या जोयडा तालुक्यावरील पाऊस काळी नदीने सुपा, कोडसळ्ळी व कद्रा या धरणांतून कारवारच्या समुद्रास मिळतो. 2019 च्या ऑगस्टात कद्र्याचे दरवाजे उघडले आणि खालच्या गावांत पाणी शिरले. इकडे वाटा बंद होऊन बेळगाव-हुबळीचा माल थांबला. त्या आठवड्यात आम्ही, जुन्याच खरेदीच्या तांदळावर, भाव चढविला. किरकोळ दुकानदार निमूटपणे घेऊन गेले, हे आजही सलते. बाजार तो बाजारच, असे कित्येक व्यापारी बंधू म्हणतील. म्हणोत. आमचे मत असे की, वाट बंद होते त्या दिवशी वखारीत असलेला माल आदल्या दिवशीच्याच भावाने विकावा व तो भाव दारावरील फळ्यावर लिहावा. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा आम्ही तसे केले. तोटा झाला नाही. नफा मात्र बेताचाच.